कुमारी आणि लेकुरवाळ्या

बाबा गडचिरोली जिल्ह्यात हिवताप विभागात कीटक समाहारक होते. अशी पोस्ट असते हेच पुष्कळ जणांना माहीत नसतं, शाळेत बाई विचारायच्या वडील काय करतात तर मी सांगायचे डास पकडतात, आणि वर्ग हसायचा. पण ते खरंच डास पकडायचे. पहाटे साडेपाचला सायकल काढायची, टॉर्च, काचेची वाकडी नळी, तिला जोडलेला रबरी पाइप, टेस्ट ट्यूबा आणि कापसाचे बोळे असं सगळं एका खाकी पिशवीत घालायचं आणि कुणाच्या तरी गोठ्यात, कुडाच्या घरात भिंतीला नाक लावून उभं राहायचं. डास दिसला की नळीचं तोंड त्याच्यावर अलगद ठेवायचं, पाइपमधून हलकासा श्वास ओढायचा, डास नळीत. एका माणसाने एका तासात किती पकडले तो आकडा वहीत. पकडणं म्हणजे कामाची सुरुवात होती फक्त, हे मला फार नंतर कळलं.

खरं काम घरी आल्यावर, मायक्रोस्कोपपाशी.

आधी नुसत्या डोळ्यांनी पोट बघायचे. पोट चपटं काळपट असेल तर रिकामी. पोट लालभडक टम्म असेल तर रात्रीच प्यायलेली. पुढे काळसर रक्त आणि मागे पांढरट अंडी दिसायला लागली की अर्धी गाभण, आणि सगळंच पोट पांढरं झालं की गाभण. बाबा गाभणच म्हणायचे, गाईला म्हणतात तसं, आणि मी चौथी-पाचवीत असताना मला हे चारही प्रकार लांबून ओळखता यायचे. चावणारा डास ही कायम मादीच असते, नर बिचारा फुलातला रस पिऊन राहतो, त्याला रक्त ओढायला लागतं तसं तोंडच नसतं, हे तर मला वर्गात शिकवायच्या कितीतरी आधी माहीत होतं. आपल्या भाषेत डास पुल्लिंगी आहे म्हणून सगळी पंचाईत होते, 'डास चावला' म्हणताना आपण एका बाईचं नाव चुकीचं घेतो असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

मग पुढची पायरी, आणि ही मला आजही थक्क करते. रिकाम्या पोटाची मादी घ्यायची, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायची, दोन सुया घेऊन शेपटीकडचं टोक हळूच ओढायचं म्हणजे तिचा अंडाशय बाहेर येतो, आणि तो तसाच वाळू द्यायचा. वाळला की त्यावर श्वासनलिकांचे अगदी बारीक काळे धागे दिसतात. ज्या मादीने आयुष्यात एकदाही अंडी दिलेली नाहीत तिच्या धाग्यांची टोकं गुंडाळलेली असतात, लोकरीच्या नवीन लडीसारखी. आणि जिने एकदा तरी अंडी दिलीत तिच्यात अंडी वाढताना अंडाशय ताणला गेलेला असतो, त्यामुळे त्या गुंडाळ्या उलगडून धागे सरळ होतात, ते परत कधीच गुंडाळले जात नाहीत. झालं. एवढ्यावरून कळतं की ही नवी की जुनी. ही पद्धत तात्याना डेतिनोवा नावाच्या रशियन बाईंनी बसवली, जागतिक आरोग्य संघटनेने १९६२ साली तिच्यावरचं त्यांचं पुस्तक जिनिव्हाहून काढलं, बाबांकडे त्यातल्या काही पानांच्या झेरॉक्स होत्या, पिवळ्या पडलेल्या, शेवटी शेवटी घड्यांवर फाटलेल्या. इंग्रजीत दोन्हीला जडजड शब्द आहेत. बाबा पहिलीला कुमारी म्हणायचे आणि दुसरीला लेकुरवाळी. वहीत दोन कॉलम, कु. आणि ले.

मी एकदा विचारलं, बाबा, डास मोजले तर समजू शकतं, त्यांचं वय कशाला पाहिजे तुम्हाला?

ते म्हणाले, "बेटा, कुमारी चावली तर खाज येते. लेकुरवाळी चावली तर ताप येऊ शकतो."

तेव्हा हे वाक्य मला कोड्यासारखं वाटलं. आज मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, माझाही दिवस मायक्रोस्कोप आणि रजिस्टर यांच्यातच जातो, आणि दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबर आला की हे वाक्य रोज आठवतं.

त्याचं असं आहे की डासाची मादी पाण्यातून बाहेर येते तेव्हा ती स्वच्छ असते. मलेरियाचा जंतू तिच्या अंगात जन्मतः नसतोच, तो तिला कुणातरी आजारी माणसाकडूनच मिळतो. आणि मिळाला म्हणजे लगेच पुढे गेला असंही नाही. तिच्या पोटात तो वाढतो, पोटाच्या भिंतीला बारीक फोड आल्यासारखा दिसतो, तो फुटतो, मग जंतू तिच्या लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसतात, याला साधारण १० ते १४ दिवस लागतात, हवा गार असेल तर आणखी. डेंग्यूच्या व्हायरसला ८ ते १२ दिवस. आता डासाची मादी जगते किती? घरात जपून ठेवली तर महिनाभरही जगेल, पण बाहेर पाल आहे, कोळी आहे, वारा आहे, आपला हात आहे. म्हणजे बहुतेक माद्या त्यांच्यात जंतू तयार व्हायच्या आधीच मरतात. जी थोडी उरतात ती म्हातारी, तीन-चार बाळंतपणं झालेली, आणि सगळा आजार त्या मूठभर म्हाताऱ्यांच्या जिवावर चालतो.

डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधून काढणाऱ्या रॉनल्ड रॉसची गोष्ट आपण २० ऑगस्टला दरवर्षी कुठे ना कुठे वाचतो, तो जागतिक मच्छर दिवस असतो म्हणून. सिकंदराबादला १८९७ साली त्याने अळ्या वाढवून मोठे केलेले डास हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या पेशंटला चावायला दिले, एका डासामागे एक आणा देऊन. पण माझं लक्ष त्यातल्या तारखांकडे जातं. डास प्यायले १६ ऑगस्टला. रॉसला पोटाच्या भिंतीत ते काळे कण असलेले गोळे दिसले २० ऑगस्टला. मधले चार दिवस त्याला ते डास जिवंत ठेवावे लागले, ऑगस्टमधल्या त्या उकाड्यात, आणि रोज थोडे थोडे मरत असताना. सगळे डास त्याने दुसऱ्याच दिवशी फाडून बघितले असते तर त्याला काहीही सापडलं नसतं. मला वाटतं त्या शोधात मायक्रोस्कोपाइतकाच वाटा वाट बघण्याचा होता.

एक साधं गणित बाबा मला पाटीवर करून दाखवायचे. समजा १०० माद्या आहेत आणि रोज त्यातल्या शेकडा १० मरतात. १२ दिवसांनी किती उरतील? साधारण २८. आता समजा रोज शेकडा २० मरतात. मग? फक्त ७. म्हणजे मरण्याचं प्रमाण दुप्पट केलं तर धोकादायक म्हाताऱ्या चौपट कमी झाल्या. जॉर्ज मॅकडोनाल्ड नावाच्या मलेरियातज्ज्ञाने १९५० च्या दशकात हेच नीट मांडून दाखवलं, की डासांची संख्या निम्मी केली तर आजार निम्मा होईल पण डासाचं आयुष्य थोडंसं जरी तोडलं तरी आजार कोसळतो. घराच्या भिंतीवर डीडीटी मारायची ती म्हणून. लोकांना वाटायचं फवारणीने डास चावायचे थांबतात, आणि चावले की लोक चिडायचे, म्हणायचे कसली ही औषधं. पण फवारणी चावणं थांबवायला नव्हतीच. मादी रक्त प्यायली की जड होते, लांब उडता येत नाही, ती जवळच्या भिंतीवर जाऊन बसते, आणि त्या भिंतीवर औषध असेल तर तिला तिचा बारावा दिवस दिसत नाही. एवढंच करायचं होतं. आणि आमच्याकडे काय व्हायचं, फवारणी झाली की दिवाळीच्या तोंडावर बायका घर सारवायला काढायच्या, शेणामातीचा नवा हात भिंतीवर, आणि औषध आत गाडलं जायचं. बाबा दारोदार जाऊन सांगायचे, माय, ह्या येळेस खालचाच हात फिरवा, वरची भिंत राहू द्या. सणाला भिंत तशीच ठेवायला कुणाला आवडेल? पण बाबांच्या शब्दाखातर काही घरं ठेवायची. १९७६ साली देशात मलेरियाचे ६४ लाखांच्या वर पेशंट नोंदले गेले होते, त्या लाटेच्या नंतर नोकरीला लागलेली ही पिढी, त्यांना एका एका भिंतीची किंमत माहीत होती.

आता शरीराच्या मापाबद्दल, कारण मला खरं ते सांगायचंय.

मी सहावीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी मला दोन बरण्या करून दिल्या. गावाबाहेरच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, कडेचं पाणी, त्यातल्या ॲनॉफिलीसच्या, म्हणजे मलेरिया पसरवणाऱ्या डासाच्या अळ्या. ॲनॉफिलीसची अळी ओळखायला सोपी, ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते, बाकीच्यांच्या अळ्या डोकं खाली करून तिरक्या लटकतात. एका बरणीत पंधरा-वीस अळ्या, दुसरीत गच्च, मोजता येणार नाहीत इतक्या. खाणं दोन्हीत सारखंच, बिस्किटाचा चुरा बोटाच्या चिमटीत मावेल तेवढा. वर मलमलचं फडकं बांधलेलं. मी रोज सकाळी उठून आधी बरण्यांकडे जायचे. विरळ बरणीतल्या अळ्या भराभर वाढल्या, त्यांचे कोष झाले, कोष म्हणजे पाण्यात तरंगणारे स्वल्पविराम, आणि एका सकाळी फडक्याच्या आतून डास बसलेले दिसले, मोठे, लांब पायांचे, शेपूट वर करून. गच्च बरणीतलं काम रेंगाळलं. कितीतरी मेल्या. ज्या उरल्या त्यांचे डास बऱ्याच दिवसांनी आले आणि ते इतके बारके होते की मला आधी वाटलं ही वेगळीच जात आहे, चिलटं आहेत. बाबा म्हणाले जात तीच आहे, उपाशी वाढलेत.

ही गोष्ट मला नीट सांगायची आहे म्हणून थांबून सांगते. डास मोठा झाल्यावर वाढत नाही. कोषातून बाहेर येताना जो आकार असेल तोच मरेपर्यंत. त्याचं सगळं शरीर, पंखाची लांबी, अंगातली चरबी, हे पाण्यातल्या त्या आठ-दहा दिवसांत ठरून गेलेलं असतं, किती जणांत वाटून खाल्लं, पाणी किती गरम होतं (गरम पाण्यात वाढ भरभर होते पण डास छोटा निघतो) त्यावर. शास्त्रज्ञ म्हणूनच डासाचं माप काढायला त्याचा पंख मोजतात, बाकी शरीर वाळतं फुगतं, पंख खोटं बोलत नाही.

बारके डास बाहेर आले त्याच दिवशी मी हट्ट केला की आता हात लावून बघू. बाबांनी फडक्याला हात लावला, एकही आली नाही. मला वाटलं आजारी आहेत. बाबा म्हणाले थांब, अजून त्यांना भूकच कळत नाही. खरंच आहे ते, नवी मादी पहिले दोन-तीन दिवस माणसाच्या वासाकडे फिरकतही नाही, तिला आधी गोड लागतं. आम्ही फडक्यावर भिजवलेल्या मनुका ठेवल्या, त्यावर नर माद्या सगळे बसायचे, सोंडा खुपसून. मनुका आईने शिऱ्यासाठी आणून ठेवलेल्या, तो एक वेगळाच वाद झाला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी मनुका काढून घेतल्या आणि बाबांनी दोन्ही बरण्यांना आळीपाळीने हात लावला, मनगटाच्या आतली बाजू. पाण्यातून वाढवलेले डास, त्यांच्यात मलेरिया नाही हे माहीत असूनही आई दारात उभी राहून नाही नाही ते बोलत होती. मी बरणीला डोळे लावून बसलेले. मोठ्या माद्या आल्या, बसल्या, सोंड आत गेली, आणि पोट माझ्या डोळ्यांदेखत लाल होत होत गेलं, डाळिंबाच्या दाण्यासारखं, आणि मग त्या जड होऊन बरणीच्या काचेवर जाऊन बसल्या त्या बसल्याच. दुसऱ्या दिवशी हात लावला तर त्या हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांची पोटं मागून पांढरी.

बारक्या माद्याही प्यायल्या, पण त्यांचं पोट ते केवढं, एक लाल ठिपका. दुसऱ्या दिवशी हात लावला तर त्यातल्या काही परत आल्या. त्यांच्या पोटात अंड्यांचा पत्ता नव्हता, कालचं रक्त कुठे गेलं तेच कळेना, पोट परत चपटं. परत प्यायल्या. बाबांच्या मनगटावर त्या बरणीचे फोड जास्त होते.

कालचं रक्त कुठे गेलं याचं उत्तर मी खूप वर्षांनी वाचलं. आफ्रिकेतल्या ॲनॉफिलीस गॅम्बी या डासावर यावर बरंच काम झालंय. मोठी मादी अंगात चरबी, साखर, प्रोटीन साठवून जन्मते, तिला मिळालेलं पहिलं रक्त सरळ अंड्यांना जातं. बारकीच्या अंगात साठाच नसतो, म्हणून पहिलं रक्त तिच्या स्वतःच्या शरीराची तूट भरून काढण्यात संपतं, आणि अंड्यांसाठी तिला दुसऱ्यांदा, कधीकधी तिसऱ्यांदाही माणूस शोधावा लागतो. बाळंतपणाच्या आधी जी पोर उपाशी होती तिला दिलेलं अन्न आधी तिच्याच हाडाला लागतं, तसंच. एवढ्याशा किड्याबद्दल हे वाचून मला गलबलून आलं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि पोट भरलं की मादी शांत बसते याचं कारणही आता सापडलंय. पोट ताणलं गेलं की तिच्या मज्जारज्जूतून मेंदूला निरोप जातो, पुरे. १९६९ साली एका प्रयोगात तो रज्जूच कापून बघितला तर माद्या थांबेनात, पोट फुटेपर्यंत पीतच राहिल्या. ताणाचा निरोप काही तासांचा, मग त्याच्या पुढचे दोन-तीन दिवस दुसरी एक रासायनिक यंत्रणा तिला माणसाकडे जाऊ देत नाही, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये त्यामागचा रिसेप्टर, म्हणजे तो निरोप पकडणारी पेशीवरची जागा, शोधला, आणि त्याला चालू करणारं औषध पाजलं तर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या उपाशी मादीलाही माणसात रस राहत नाही असं दाखवलं. पण हे सगळं पोट पुरेसं भरलं तर. अर्धवट प्यायलेल्या मादीला पुरे हा निरोप मिळतच नाही. म्हणजे तुम्ही फटका मारला आणि ती निसटली, तर ती घरी जाऊन झोपत नाही, ती तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे जाते.

इथे माझं लॅबमधलं रजिस्टर येतं.

डेंग्यूच्या सीझनमध्ये एकाच पत्त्यावरून येणारे पेशंट मी गेली काही वर्षं मनातल्या मनात बघत असते. दोन नमुने दिसतात. एक म्हणजे भाऊ-बहीण, किंवा आई आणि मुलगा, दोघांनाही एका-दोन दिवसांच्या आत ताप, दोघांचीही एनएस१, म्हणजे डेंग्यूची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह. यात डास दिवसा चावणारी एडिस, म्हणजे पायांवर पांढरे पट्टे असलेली, अतिशय भित्री, जरा हाललं की उडते, एकाच दुपारी अभ्यासाला बसलेल्या दोघांच्या घोट्यांवरून थोडं थोडं रक्त घेणारी. एडिस तशीही अंड्यांच्या एका फेरीत एकदाच पिऊन थांबणारी नाही, ती मध्ये मध्ये पुन्हा पिते, आणि बारकी असेल तर हे आणखी वाढतं असं प्रयोगांतून पुढे आलंय. घरातल्या दोघांना एकाच वेळी ताप येतो तेव्हा लोक म्हणतात घरात डास फार झालेत. फार असायलाच पाहिजेत असं नाही. एक पुरते.

दुसरा नमुना म्हणजे आधी एकाला ताप, तो बरा होतो, सगळे सुटलो म्हणतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी घरातला दुसरा किंवा वरच्या मजल्यावरचा कुणीतरी येतो. ती मधली गॅप बघितली की माझ्या अंगावर काटा येतो, कारण मला त्यात काय चाललंय ते दिसतं. पहिल्याच्या तापात एक मादी त्याचं रक्त प्यायली. तिथून ८ ते १२ दिवस ती त्याच घरात, पडद्यामागे, कपाटाखाली, टांगलेल्या कपड्यांच्या घडीत वाढत्या वयाने फिरत होती, अंडी देत होती, परत पीत होती, आणि त्या सगळ्या दिवसांत ती चावली तरी काही होत नव्हतं. मग एका दिवशी तिच्या लाळेत व्हायरस आला. मग ती कुणालातरी चावली आणि त्या माणसात ताप उगवायला आणखी चार ते दहा दिवस. एडिस लांब जातच नाही, बहुतेक सगळं आयुष्य शंभरेक मीटरच्या आत काढते. म्हणजे रजिस्टरमधल्या दोन ओळींच्या मधली कोरी जागा म्हणजे एका मादीचं म्हातारपण आहे.

म्हणून मी आमच्या लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक डेंग्यू पेशंटच्या घरच्यांना सांगते, ताप आहे तोवर पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. लोक म्हणतात आता काय उपयोग, त्याला तर झालाय ना. अहो त्याला झालाय म्हणूनच. ताप चढायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते पुढे चार-पाच दिवस त्याच्या रक्तातून डासाला व्हायरस मिळतो. त्या मच्छरदाणीने घरातल्या डासाला पेशंटपासून लांब ठेवायचंय.

मग बारकी वाईट की मोठी वाईट, असं मला माझ्या मुलीने विचारलं. सरळ उत्तर नाही त्याचं. मोठी मादी एका वेळी स्वतःच्या वजनाइतकं, कधी जास्तही रक्त पिते, अंडी जास्त देते आणि साधारणपणे जगते जास्त, म्हणजे म्हातारी व्हायची शक्यता तिला जास्त. बारकी लवकर मरते पण जगते तोवर जास्त माणसांना टोचते. एक वयाच्या बाजूने धोकादायक, एक भुकेच्या बाजूने. शास्त्रज्ञांचेही प्रयोग कधी इकडे झुकतात कधी तिकडे. आणि यात भर म्हणून मलेरियाचा जंतू स्वतःच डासाचं वागणं बदलतो, टांझानियात केलेला एक अभ्यास १९९८ मध्ये छापून आला त्यात लाळेत जंतू असलेल्या माद्यांच्या पोटात एकाहून जास्त माणसांचं रक्त सापडण्याचं प्रमाण बिनजंतूच्या माद्यांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे म्हातारी, आजारी, आणि पोट न भरणारी.

पण या मोठी-बारकीच्या प्रकरणातून एक गोष्ट निघते जी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी दरवेळी बोलते आणि तिथे कुणाला पटत नाही. अर्धवट सफाई. समजा कुंडीखालच्या बशीत, गच्चीवरच्या पिंपात दोनशे अळ्या आहेत, दाटीवाटीने, अर्ध्या उपाशी. कुणीतरी येतं, वरवर पाणी ओततं, तळाशी चार बोटं पाणी राहतं, त्यात पन्नास अळ्या. आता त्या पन्नास जणींना खाणं मुबलक. जागा मुबलक. त्यातून निघणाऱ्या माद्या धडधाकट, मोठ्या, जास्त जगणाऱ्या. गर्दी असताना निम्म्या आपोआपच मेल्या असत्या, आपण त्यांचं काम सोपं करून दिलं. हे नुसतं तर्काने नाही, प्रयोगशाळेतल्या भांड्यांमध्येही दिसलेलं आहे, अळ्या थोड्या मारल्या तर कधीकधी निघणारे डास कमी होत नाहीत, उलट चांगले पोसलेले निघतात. आणि आतली भिंत घासली नाही तर एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात, काळी, खसखशीसारखी, ती कोरडी पडून महिनोनमहिने टिकतात आणि पुढच्या पावसात पाणी तिथवर चढलं की फुटतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असं भिंतीभिंतीवर लिहिलेलं असतं ना, त्यातला आठवडा हा आकडा कुणी उगाच नाही घातलेला, अंडं ते डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात म्हणून तो आहे. पण कोरडा म्हणजे कोरडा. पिंप उपडं, आतून काथ्याने घासलेलं, उन्हात.

तसंच फॉगिंगचं. गाडी आली, धूर झाला, लोकांना बरं वाटतं, पण एडिस घराच्या आत कपाटामागे बसलेली असते आणि आपण धूर येतो म्हणून खिडक्या लावून घेतो. धुराने उडत असलेल्या मरतात, चार दिवसांत पाण्यातून नव्या येतात. नव्या म्हणजे कुमारी, त्यांच्यापासून पहिले काही दिवस धोका कमी, त्या म्हाताऱ्या व्हायच्या आत परत काही केलं तर उपयोग. एकदाच धूर करून महिनाभर गप्प बसलं तर नाही. आता तर शास्त्रज्ञ मुद्दाम म्हातारीलाच मारणाऱ्या औषधाचा विचार मांडतायत, तरुण डासांना अंडी देऊ द्यायची आणि उशिरा मारायचं, म्हणजे औषधाला न जुमानणारी पिढी तयार व्हायला वेळ लागेल. हे ऐकून बाबा खूश झाले होते. म्हणाले, बघ, शेवटी वयच.

बाबा आता ७६ वर्षांचे आहेत, आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात. डाव्या डोळ्याला काचबिंदूने फारसं दिसत नाही, मायक्रोस्कोपला लावायचे तो हाच डोळा, उजवा उघडा ठेवून वही लिहायचे. त्यांच्या वह्या मी आणल्यात, सोळा आहेत, कु. आणि ले. चे कॉलम, खाली पावसाची नोंद, कुठल्या घरचा गोठा, गाय किती. मी त्या पुन्हा वाचते तेव्हा दिसतं की पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटाला, दरवर्षी ले. चा कॉलम लांब होत जातो. दमट हवेत माद्या जास्त जगतात म्हणून. त्या लांबणाऱ्या कॉलमखाली बाबांनी काही ठिकाणी लाल शाईने गावाचं नाव लिहून दोन रेघा मारल्यात. म्हणजे तिथे फवारणी पथक आधी पाठवा. त्या गावांतल्या लोकांना कधी कळलंही नसेल की एका माणसाने त्यांच्या गोठ्यातल्या डासांची बाळंतपणं मोजून त्यांचा नंबर वर सरकवला होता.

मागच्या रविवारी बाथरूमच्या टाइल्सवर एक बसलेली दिसली. मी मुलीला हाक मारणार होते बॅट आण म्हणून, पण का कोण जाणे, बाबांची नळी कपाटात होती ती काढली. पाइप कडक झालाय, तोंडात धरला तर जुन्या रबराची चव आली. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा आली नळीत. बोळा लावला आणि बाहेर नेऊन बाबांना म्हटलं, पकडली.

"जात कुठली?"

"क्युलेक्स असावी. मातकट आहे, पायावर पट्टे नाहीत."

"पोट सांग."

मी नळी खिडकीशी धरली. "पुढे काळपट लाल आहे बाबा, मागे पांढरं दिसायला लागलंय. अर्ध्याला थोडं कमी."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "अर्धी गाभण. म्हणजे परवा रात्री प्यायलीय. परवा हॉलमध्ये कोण झोपलं होतं?"

"तुम्हीच," मी म्हटलं.

त्यांनी बाही वर सरकवली, कोपराजवळ बोट फिरवून बघितलं, एक जुनी लाल गांधी होती तिथे. मग हात पुढे करून त्यांनी माझ्याकडून नळी घेतली आणि उजव्या डोळ्यापाशी नेऊन उजेडात धरली.